साफ चषक मुलांना दाखवायचा तर भारताआधी मालदीव दाखवा

प्रश्न देवगड तालुक्यातल्या एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: "दक्षिण आशियाई देशांची साफ चॅम्पियनशिप भारताने नऊ वेळा जिंकली, तरी आशियात आपण मागेच. मग या स्पर्धेला काय अर्थ? यंदा शाळेत मुलांचा आणि मुलींचा असे दोन फुटबॉल संघ बांधतोय. त्यांना साफचे सामने दाखवून काही उपयोग होईल का, की सरळ युरोपातले दाखवू?"

सर, साफच दाखवा. युरोपातला खेळ बघून मुलं खूश होतात, दुसऱ्या दिवशी मैदानावर एखादी नक्कल करतात आणि तिथेच विषय संपतो. तिथला वेग, तिथलं गवत, तिथल्या खेळाडूंचा पहिला टच, यातलं काहीच आपल्या मुलांच्या आवाक्यात नसतं. साफमध्ये चुका दिसतात, आणि त्या आपल्या मुलांच्याच चुका असतात. शिकवणाऱ्याला आणखी काय हवं? मात्र भारताने कप उचलला तेवढंच दाखवणार असाल तर मुलांच्या हाती फार काही लागणार नाही. सिंधुदुर्गात इतकी वर्षं मुलांना फुटबॉल शिकवून माझं मत असं झालंय, की ही स्पर्धा बघायची ती तिच्यातल्या छोट्या संघांसाठी.

ओळख थोडक्यात देतो, मुलं विचारतीलच. १९९३ साली लाहोरला चार देशांत ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा नाव होतं सार्क गोल्ड कप. आज साफचे, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाचे, सदस्य सात आहेत: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव. अफगाणिस्तान मधल्या काळात आलं, २०१३ ला काठमांडूच्या फायनलमध्ये भारताला २-० ने हरवून कप घेऊन गेलं आणि पुढे मध्य आशियाच्या संघटनेत सामील झालं. श्रीलंका १९९५ मध्ये आणि बांगलादेश २००३ मध्ये, प्रत्येकी एकदाच जिंकले. मालदीव दोनदा, २००८ आणि २०१८. बाकी सगळे कप भारताचे.

आता मालदीवबद्दल. २०२२ च्या जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्याही आत होती. आपल्या एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची २०११ मध्ये साडेआठ लाखांच्या आसपास. राजधानी मालेचं मूळ बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं, त्यावर माणसं दाटीवाटीने राहतात. मोकळं मैदान ही तिथली सगळ्यात दुर्मीळ गोष्ट. समुद्र, मासेमारी, पर्यटन आणि पाऊस, बरंचसं जगणं आपल्यासारखं. तरी १९९७, २००३, २००८, २००९ आणि २०१८ अशा पाच फायनल हा देश खेळलाय. त्यांच्या अली अश्फाकने २०१३ च्या एकाच स्पर्धेत दहा गोल केले, त्यातले सहा श्रीलंकेविरुद्धच्या एका सामन्यात. "आपला जिल्हा लहान, आपल्याकडे पोरं कुठे आहेत," असं पालकसभेत कुणी म्हणालं की मी हेच आकडे सांगतो. गप्प करण्यासाठी नाही हो, खरंच विचार व्हावा म्हणून.

मालदीवची २०१८ ची ढाक्यातली स्पर्धा मुलांना नीट समजावून सांगा, कारण स्पर्धा कशी खेळायची याचा तो अख्खा पाठ आहे. सात संघ होते म्हणून एका गटात चार, दुसऱ्यात तीन. तीनच्या गटात भारत, मालदीव, श्रीलंका. मालदीव भारताकडून ०-२ हरला, श्रीलंकेशी ०-० बरोबरी. श्रीलंकाही भारताकडून ०-२ नेच हरलेली. म्हणजे दोघांचे गुण सारखे, केलेले गोल सारखे, खाल्लेले गोल सारखे. शेवटी नाणं उडवलं आणि मालदीव उपांत्य फेरीत गेला. गटात एकही गोल न केलेला संघ! तिथे त्यांनी नेपाळला ३-० हरवलं आणि फायनलला भारतासमोर उभे राहिले. १९व्या मिनिटाला एक गोल, ६६व्या मिनिटाला दुसरा. भारताकडून सुमीत पासीने गोल केला तो थेट नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत, आणि कप मालेला गेला. भारताने मुख्यतः २३ वर्षांखालची मुलं पाठवली होती हे खरं, पण गटात त्याच मुलांनी मालदीवला हरवलं होतं. सहा दिवसांत मालदीवने काय बदललं? चेंडू आपल्याकडे ठेवायचा हट्ट सोडला. दोन ओळी एकमेकींजवळ ठेवल्या, भारताला पुढे येऊ दिलं आणि चेंडू सुटला की मागे मोकळ्या पडलेल्या जागेत थेट धाव घेतली. उंचीने आणि ताकदीने कमी असलेल्या संघाला हे जमतं. तुमच्या मुलांनाही जमेल.

त्याच स्पर्धेतला दुसरा गट शिकवताना मला जास्त उपयोगी पडतो. बांगलादेश यजमान. पहिले दोन्ही सामने जिंकले: भूतानवर २-०, पाकिस्तानवर १-०. शेवटच्या सामन्यात नेपाळने त्यांना २-० हरवलं. एक गोल तर फ्री किकचा साधा चेंडू गोलकीपरच्या हातून निसटल्यामुळे झाला. नेपाळ, पाकिस्तान, बांगलादेश, तिघांचे सहा-सहा गुण. गोलफरक काढला तर नेपाळ पाच, पाकिस्तान तीन, बांगलादेश एक. यजमान घरी. भूतानविरुद्ध नेपाळने चार गोल केले होते, पाकिस्तानने तीन, बांगलादेश दोनवर थांबला होता. आपल्या तालुका स्पर्धांत नेमकं हेच होतं. पहिल्या सामन्यात दुबळा संघ मिळाला, दोन गोल झाले की मुलं निवांत होतात, कोचही मुख्य खेळाडू बाहेर काढतो. गटात खेळताना तिसरा, चौथा गोल किती महत्त्वाचा असतो, हे फळ्यावर हा तक्ता मांडून दाखवा. गणिताच्या तासाला मांडलात तरी चालेल. आणि तुम्ही स्वतः स्पर्धा भरवलीत तर तीन संघांचा गट शक्यतो टाळा. दोनच सामन्यांत निकाल लागला की अशी नाण्याची वेळ येते.

आता भारताकडे. नऊ कपांबद्दल तुमच्या मनातली शंका रास्त आहे, पण हे कप अगदीच पोकळ नाहीत. भारत चार वेळा यजमान होता, मडगाव, दिल्ली, तिरुवनंतपुरम आणि बंगळुरूला, आणि चारही वेळा जिंकला. उरलेले पाच कप लाहोर, काठमांडू, कराची, ढाका आणि मालेला जाऊन आणलेले आहेत. कराचीत किंवा ढाक्यात भरलेल्या स्टेडियमसमोर जिंकणं सोपं नसतं.

साफमध्ये भारतासमोरचं कोडं बहुतेक वेळा एकच असतं. समोरचा संघ दहा माणसं स्वतःच्या बॉक्ससमोर उभी करतो आणि म्हणतो, आता फोडा. २०२१ ला मालेत श्रीलंकेने असंच केलं आणि ०-० ने भारताला अडवलं. त्याआधी बांगलादेशशी १-१ झालेलं. पाच संघांची साखळी होती, दोन सामन्यांत दोन गुण, भारत बाहेर जातो की काय अशी स्थिती. मग नेपाळला १-० आणि मालदीवला ३-१ हरवून फायनल गाठली आणि तिथे पुन्हा नेपाळ, ३-०. पहिला गोल मुलांना सावकाश दाखवा. उजवीकडून प्रीतम कोटालचा क्रॉस, मध्ये सुनील छेत्रीचं हेडर. छेत्रीची उंची साडेपाच फुटांच्या थोडीच वर, मार्किंग करणारे धिप्पाड. तरी चेंडूपर्यंत पोचला तोच, कारण क्रॉस निघायच्या आधी त्याने पाय हलवले होते. उडी नंतरची गोष्ट. आमच्याकडे मुलं क्रॉस आल्यावर धावायला सुरुवात करतात, तोवर चेंडू बचाववाल्याच्या डोक्यावर असतो.

मुलांना दाखवायचा दुसरा गोल २०२३ चा, बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियममधल्या फायनलमधला. त्या वर्षी लेबनॉन आणि कुवेत पाहुणे संघ म्हणून आले होते आणि फायनल कुवेतशीच झाली. कुवेत १-० ने पुढे. मग डावीकडून आत आलेला चेंडू, छेत्रीने लगेच पुढे सोडलेला पास, सहल अब्दुल समदची बचावफळीच्या मागे धाव, त्याने गोलसमोर आडवा सरकवलेला चेंडू आणि लांबच्या खांबाजवळ पोचलेला छांगते. चेंडू कुणीही पायात धरून ठेवला नाही. गच्च बसलेला बचाव असा फुटतो: कोपऱ्यातून मागे-आडवा दिलेला चेंडू, त्याला आम्ही कटबॅक म्हणतो, आणि त्यावर आधीच सुटलेला माणूस. पुढे पेनल्टीवर ५-४ ने भारत जिंकला, शेवटची पेनल्टी गुरप्रीतने अडवली, तो आनंद मुलांना मनसोक्त घेऊ द्या. पण थांबवून, मागे नेऊन दाखवायचा तो छांगतेचा गोल.

याचा सराव असा घ्या. अर्धं मैदान. बचावाला गोलकीपर आणि सहा जण, चार मागे, दोन पुढे. हल्ल्याला सात. बॉक्सच्या बाहेरून मारलेला गोल धरायचा नाही. कटबॅकवर, पहिल्याच टचला केलेला गोल दोन गुणांचा. बचाववाल्यांनी चेंडू जिंकून पाच सेकंदांत मध्यरेषा ओलांडली तर त्यांना एक गुण. हा शेवटचा नियम गाळू नका, नाहीतर बचावाला उभी राहिलेली मुलं कंटाळतात. शिवाय मालदीवने जे केलं ते त्याच नियमातून शिकतात. सुरुवातीचे काही दिवस मुलं मधूनच घुसायला बघतील. ओरडू नका. थांबवा, सगळ्यांना आहे तिथेच उभं करा आणि विचारा, मोकळी जागा कुठे आहे, हात करून दाखवा. स्वतः दाखवली तर ती लक्षात राहत नाही.

तरीही आशियात आपण मागे का, हा तुमचा खरा प्रश्न. साफमध्ये चेंडू आपल्याकडे असतो आणि प्रतिस्पर्धी मागे बसतो. वर गेलं की चित्र उलटं होतं. २०२३ च्या जुलैत साफ जिंकलेला हाच संघ जानेवारी २०२४ मध्ये आशिया चषकात ऑस्ट्रेलियाकडून २-०, उझबेकिस्तानकडून ३-० आणि सीरियाकडून १-० हरला. तीन सामने, गोल शून्य. तिथे चेंडूच मिळत नव्हता, आणि मिळाला की समोरच्याच्या दबावाखाली दुसऱ्या पासला जात होता. ही परीक्षा साफ घेतच नाही. म्हणून लेबनॉन-कुवेतला बोलवण्याचा निर्णय मला फार योग्य वाटला. असे पाहुणे दरवेळी हवेत. आणि शेजारी आता थांबलेले नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या गोव्यातल्या फातोर्ड्याला सिंगापूरने भारताला २-१ हरवलं आणि पुढच्या आशिया चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशने १-० हरवलं. त्यांचा भारतावरचा आधीचा विजय २००३ च्या साफ उपांत्य फेरीतला होता, गोल्डन गोलवरचा, म्हणजे जादा वेळेत पहिला गोल करणारा तिथेच जिंकतो तसा. बावीस वर्षं त्यांनी वाट पाहिली. ही हार मला लागली, अजून लागते. पण बांगलादेशच्या मुलांनी ती कमावली होती, हेही वर्गात सांगायला हवं.

फातोर्ड्याचं नाव आलंच आहे तर आणखी एक. १९९९ ची साफ फायनल तिथेच झाली. बांगलादेशवर २-० विजय, गोल भायचुंग भुतियाचा आणि गोव्याच्या ब्रूनो कुतिन्होचा. २००५ ला कराचीच्या फायनलमध्ये पहिला गोल गोव्याच्याच महेश गवळीचा, तोही बचावपटू. २०११ ला दिल्लीत अफगाणिस्तानला ४-० हरवलं तेव्हा एक गोल क्लिफर्ड मिरांडाचा आणि कोच सावियो मदेरा, दोघेही गोव्याचे. सर, गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे आणि पलीकडे माती एकच आहे. तोच जांभा, तोच चार महिन्यांचा पाऊस, तीच भातशेती. फरक इतकाच की तिकडे भात कापलं की शेतात फुटबॉल उभा राहतो आणि गावागावांत सामने लागतात. आपल्याकडे त्याच शेतात अंडरआर्म क्रिकेटचे स्टंप लागतात. क्रिकेटबद्दल तक्रार नाही, मीही बघतो. पण "कोकणात मैदानं नाहीत" हे कारण मी आता ऐकून घेत नाही.

मुलींचा संघ बांधताय हे वाचून फार बरं वाटलं, आणि साफमधली सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या मुलींसाठीच आहे. महिलांची साफ स्पर्धा २०१० मध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला सुरू झाली. पहिल्या पाचही स्पर्धा भारताने जिंकल्या. आपल्याला कुणी हरवेल असं वाटतच नव्हतं. २०२२ ला काठमांडूत बांगलादेशच्या मुलींनी गटात भारताला ३-० हरवलं आणि फायनलमध्ये यजमान नेपाळला ३-१. २०२४ ला पुन्हा काठमांडू, पुन्हा फायनलमध्ये नेपाळच, पुन्हा बांगलादेश, २-१. पहिल्या विजयानंतर ढाक्यात त्यांची उघड्या बसमधून मिरवणूक निघाली, रस्ते माणसांनी भरले होते.

या मुली आल्या कुठून? त्यातल्या बऱ्याच जणी मैमनसिंग जिल्ह्यातल्या कलसिंदूर नावाच्या एका गावच्या. मारिया मांडा, संजिदा अख्तर, शमसुन्नाहार, सगळ्या तिथल्या प्राथमिक शाळेत खेळायला लागल्या. बांगलादेशात प्राथमिक शाळांच्या मुलींची देशभर स्पर्धा होते, त्यासाठी शाळेतल्याच शिक्षकांनी संघ उभा केला. अकादमी नाही, टर्फ नाही. गरीब घरातल्या मुली, त्यात काही गारो आदिवासी समाजातल्या. घरच्यांना पटवणं, लोकांची बोलणी सहन करणं, हे शिक्षकांनी आणि मुलींनी मिळून केलं. देशाच्या संघाची पायाभरणी एका गावच्या शाळेने केली, सर. तुमच्या शाळेपेक्षा ती शाळा मोठी नव्हती. मुलींच्या पालकांशी बोलताना हे सांगा, आणि सरावाची वेळ अशी ठेवा की शेवटची एसटी चुकणार नाही. आपल्याकडे मुली खेळ सोडतात त्याचं पहिलं कारण एसटी असतं, घरचा विरोध बहुतेक त्यानंतर येतो.

सामने दाखवताना एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त दाखवू नका. आवाज बंद ठेवा. प्रत्येक मुलाला एकेक खेळाडू वाटून द्या आणि सांगा, चेंडू कुठेही असो, तू फक्त याच्याकडे बघ. सामना संपल्यावर त्याने उठून सांगायचं की चेंडू लांब असताना तो खेळाडू काय करत होता. पहिल्या दिवशी कुणाला काही सांगता येत नाही, महिनाभराने थांबत नाहीत. क्रम विचाराल तर आधी २०१८ ची मालदीव-भारत फायनल, मग महिलांची २०२२ ची फायनल आणि शेवटी २०२३ ची कुवेतविरुद्धची.

मैदानाचं म्हणाल तर सड्यावरच्या कातळाळ मैदानात पडून शिकवायचे प्रकार नकोत, गुडघे सोलून निघतात आणि मुलं घाबरतात. तुम्हाला पुळण जवळ आहे. ओहोटीला पाणी मागे गेलं की ओली वाळू घट्ट असते, चेंडू सरळ जातो, तिथे पासिंग आणि वरचा कटबॅकचा सराव उत्तम होतो. वरच्या सुक्या वाळूत धावणं घ्या, पण थोडंच, पोटऱ्या लवकर भरतात. गोलसाठी पोफळीचे खांब पुरतात. शाळांच्या सुब्रतो चषकाच्या फेऱ्या भर पावसात येतात, म्हणून उन्हाळ्यात फक्त कोरड्या जागेवर खेळलेली मुलं तिथे घसरतात. पहिल्या पावसानंतर चिखलात चार दिवस मुद्दाम खेळवा. बूट नसतील तर नसू द्या, पण शिनगार्ड मात्र सगळ्यांना हवेतच, त्यात तडजोड नको.

भात कापून शेतं मोकळी झाली की कळवा. पहिले दोन सराव मी येऊन घेतो, मुलींचा आधी.